केक सजवणाऱ्याचा पगार: आकडा अर्जातच हवा

केक सजावटीची नोकरी मागताना पगाराची अपेक्षा कधी सांगावी आणि किती सांगावी, हा प्रश्न चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत आता वरचेवर पडतो. चंद्रपूर शहर, बल्लारपूर, वरोरा, भद्रावती, ब्रह्मपुरी, देसाईगंज, गडचिरोली, आलापल्ली या सगळ्या गावांत वाढदिवसाला केक कापला जातो. कोळसा खाणींच्या वसाहती, दुर्गापूरचे औष्णिक वीज केंद्र आणि बल्लारपूरची कागद गिरणी यांच्या आसपास तर ही मागणी बारमाही आहे. दुकाने वाढली तसे कारागीर लागू लागले. मात्र काम मागायला आलेली मुलगी किंवा मुलगा पगाराविषयी बहुधा गप्प राहतो आणि अर्जात 'नियमाप्रमाणे' किंवा 'आपण ठरवाल तो' असे लिहितो. हे मौन सभ्यतेचे आणि शहाणपणाचे मानले जाते. प्रत्यक्षात त्यामुळे उमेदवाराचे नुकसान होते आणि धंद्याचेही भले होत नाही. आकडा उमेदवाराने स्वतःहून, अर्जातच आणि हिशेबासह सांगितला पाहिजे.

मौनाच्या बाजूने पहिला युक्तिवाद असा की, हात पाहिल्याशिवाय दर कसा ठरणार? आधी काम दाखवा, पगाराचे नंतर बोलू. वरवर हे रास्त वाटते. पण जागा भरायला काढतानाच मालकाने आपल्या मनाशी एक रक्कम धरलेली असते. म्हणजे दोघांपैकी एकाला आकडा आधीच ठाऊक असतो आणि दुसऱ्याने तो विचारू नये, एवढाच या सल्ल्याचा अर्थ उरतो. या दोन जिल्ह्यांना तर ही पद्धत परकी वाटायला हवी. इथे दर उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम येतो आणि शेकडा पुड्यांचा दर काय, हे पान तोडायला निघण्यापूर्वी ठरते. त्या दरासाठी बैठका होतात, भांडणे होतात, ग्रामसभा ठराव करतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि आपल्या बांबूची विक्री गावाने स्वतः केली. ज्या मुलखात पान तोडणारी बाई दर विचारून रानात जाते, तिथे तिच्या शिकलेल्या मुलीने पायपिंगची पिशवी हातात घेताना दर विचारू नये, याला काही आधार नाही.

हात पाहण्यासाठी 'ट्रायल' घ्यायला हरकत नाही. एक अर्धा किलोचा केक कोट करून घ्यावा, चार प्रकारची नोझल वापरायला लावावीत, देवनागरीत नाव लिहून घ्यावे. तासा-दोन तासांत हात कळतो. ट्रायल मात्र आठवडाभर चालली आणि त्या आठवड्यातले केक काउंटरवरून विकले गेले, तर ती परीक्षा राहत नाही. ते काम झाले आणि कामाचा मोबदला द्यावा लागतो.

दुसरा युक्तिवाद शिकाऊपणाचा. उमेदवार नवखी आहे, तिला शिकायला मिळते हाच तिचा पगार, असे सांगितले जाते. शिकवणे ही खरी गोष्ट असेल तर देशात त्यासाठी कायदा आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार शिकाऊ व्यक्तीशी करार करावा लागतो, मुदत ठरवावी लागते आणि दरमहा विद्यावेतन द्यावे लागते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत बेकर आणि कन्फेक्शनर हा एक वर्षाचा व्यवसाय आहे. म्हणजे हे कौशल्य सरकारमान्य आहे आणि ते शिकण्याची मुदतही ठरलेली आहे. करार नाही, मुदत नाही, शिकवणाराही नाही आणि सकाळपासून ऑर्डरी मात्र पूर्ण कराव्या लागतात, तर ती व्यक्ती कामगार आहे.

तिसरा युक्तिवाद सर्वांत जास्त नुकसान करतो. केक सजावट हे हौसेचे काम आहे, घरबसल्या कितीतरी बायका ते करतात, त्यामुळे त्याला पुरा पगार मागणे शोभत नाही, असे म्हणतात. हे म्हणणारा या कामाकडे नीट पाहत नाही. स्पंजचे सारखे थर कापायचे, पाक बेताने लावायचा, क्रम्ब कोट देऊन केक थंड करायचा, टर्नटेबलवर स्पॅट्युला एका कोनात धरून कडा सरळ आणायच्या, मग नोझलने किनार काढायची. व्हिप्ड क्रीम गोठवून ठेवलेले असते. ते फ्रीजमध्येच हळूहळू सुटावे लागते आणि थंड असतानाच फेटावे लागते. कमी फेटले तर केकवरून घसरते, जास्त फेटले तर दाणेदार होते. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, देशातल्या सर्वांत उष्ण गावांत त्यांची गणना होते. अशा दिवसांत खोली गार नसेल तर क्रीमवर काढलेले फूल पाहता पाहता बसते. पावसाळ्यात उलट अडचण येते. हवेतल्या दमटपणाने फॉन्डंटला पाणी सुटते आणि साखरेची बाहुली चिकट होऊन वाकते. नागपुरात शिकून आलेल्या कारागिरालाही इथल्या हवेशी हात जुळवायला काही महिने लागतात. एवढ्याशा जागेत 'ज्ञानेश्वरी' किंवा 'श्रद्धा' हे नाव जोडाक्षरासह सुबक उतरवणे हेही कसबच आहे आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच पाहते.

हौसेच्या या युक्तिवादामागे बहुतेक वेळा स्त्रीचे वेतन कमी धरण्याची जुनी सवय असते. 'नवरा कमावतो ना?' हा प्रश्न मुलाखतीत विचारला जातो, पुरुष कारागिराला 'बायको कमावते ना?' असे कोणी विचारत नाही. समान मोबदल्याचा कायदा 1976 मध्येच झाला होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनेही सारख्या कामाच्या वेतनात आणि नोकरीवर घेण्यात लिंगावरून भेद करण्यास मनाई केली आहे. घरच्या मिळकतीचा आणि कामाच्या दराचा संबंध जोडणे अन्यायाचे आहे आणि बेकायदाही आहे.

'नागपूर-पुण्याचे दर इथे मागू नका' या म्हणण्यात मात्र तथ्य आहे, ते मान्य केले पाहिजे. किमान वेतन ठरवताना राज्य सरकारही परिमंडळे पाडते. महानगरपालिकेचे क्षेत्र वरच्या परिमंडळात येते, नगरपरिषदा आणि उरलेला भाग खालच्या. चंद्रपूरला 2011 मध्ये महानगरपालिका झाली, म्हणून चंद्रपूर शहर आणि आलापल्ली यांच्या दरांत फरक पडतो. घरभाडेही कमी आहे. परंतु परिमंडळांमधला हा फरक पगार निम्मा करण्याइतका कधीच नसतो. शिवाय गॅस सिलिंडर, तेल, शाळेची फी यांना परिमंडळ नसते. दुकानाचे क्रीम, रंग आणि डबे नागपूरहून येतात तेव्हा मालक त्यांची किंमत गावाप्रमाणे कमी करून मागत नाही. जी सवलत मालाला मिळत नाही ती माणसाच्या श्रमातून वसूल करण्याचे कारण नाही.

राहता राहिला परवडण्याचा मुद्दा. इथे हिशेब मांडूनच बोलावे. समजा एका कारागिराला महिन्याला 15,000 रुपये पगार आहे आणि 26 दिवस काम आहे. रोजचे सुमारे 577 रुपये झाले. तो दिवसाला अर्ध्या किलोचे 15 केक पूर्ण करत असेल, तर एका केकमागे सजावटीची मजुरी 38-39 रुपये पडते. हाच पगार 10,000 वर आणला तर केकमागे 25-26 रुपये पडतील. म्हणजे सगळी घासाघीस केकमागे 13 रुपयांसाठी आहे आणि त्या 13 रुपयांपायी कारागीर दोन-चार महिन्यांत दुसरीकडे जातो. नवा माणूस हाताला येईपर्यंत किती क्रीम वाया जाते आणि वाकड्या नावाचे किती केक परत येतात, ते या हिशेबात कोणी धरत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून केक-पेस्ट्रीवरचा वस्तू व सेवा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. त्या कपातीचा लाभ गिऱ्हाइकाला द्यायचा हे खरे, पण केक स्वस्त झाला तर खप वाढायला वाव मिळतो, हेही खरे. दिवसाला चार-पाचच केक जाणाऱ्या लहान दुकानाला पूर्ण वेळचा कारागीर खरोखरच झेपत नाही. त्या मालकाची अडचण खोटी नाही. त्याने दुपारनंतरचे चार तास माणूस लावावा आणि चार तासांचा रास्त दर द्यावा. दिवसभर अडकवून अर्धा पगार देणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

'तिने स्वतःच एवढ्यावर होकार दिला' हे शेवटचे उत्तर तर कायद्याच्या कसोटीवर उभेच राहत नाही. राजस्थानात दुष्काळी कामावरच्या मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे दिले गेले. 1983 मध्ये संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते राज्यघटनेच्या 23 व्या अनुच्छेदाचे उल्लंघन ठरवले. किमान वेतनाहून कमी दराने घेतलेले काम ही सक्तीची मजुरी आहे, मग नाइलाजाने माणूस राजी का झालेला असेना, हे सूत्र न्यायालयाने 1982 च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात आधीच सांगितले होते. दुष्काळात सापडलेल्या मजुराची संमती जिथे ग्राह्य धरली नाही, तिथे केकच्या दुकानातली संमती कशी धरता येईल?

आता आकडा बांधायचा कसा? पाया किमान वेतनाचा. महाराष्ट्रात बेकरीसाठी आणि दुकाने व व्यापारी आस्थापनांसाठी स्वतंत्र दर ठरत आले आहेत. त्यांत कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा श्रेणी असतात आणि महागाईशी जोडलेला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. चालू सहामाहीचा दर कामगार विभागाकडून मिळतो, तो अर्ज करण्यापूर्वी पाहून घ्यावा. स्वतंत्रपणे केक कोट करून पायपिंगसह पूर्ण करणाऱ्याने कुशल श्रेणीच मागावी. मदतनीस म्हणून घेऊन सजावट करवून घेणे ही नेहमीची पळवाट आहे. तुलनेला आणखी एक आकडा हाताशी ठेवावा: 1 एप्रिल 2025 पासून महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामाचा दर दिवसाला 312 रुपये झाला. 26 दिवसांचे 8,112 होतात. सजावटीच्या कुशल कामाला कोणी सात-आठ हजार देऊ करत असेल, तर तो मातीकामाहून कमी दर देतो आहे.

किमान वेतन ही तळाची रेघ आहे, अपेक्षित पगार तिच्यावरून सुरू होतो. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित वेतनाचे निकष सांगितले: तीन उपभोग घटकांचे अन्न, वर्षाला कुटुंबाला 72 वार कापड, घरभाडे आणि इंधन-दिवाबत्तीसारख्या खर्चासाठी 20 टक्के. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॅपटाकोस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार आणि म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरले. या रीतीने आपल्या घरचा खर्च मांडला की मागणीला आधार मिळतो. त्यावर कौशल्याची भर घालावी. फॉन्डंटच्या आकृत्या, दोन-तीन मजली लग्नाचा केक, साखरेची फुले हे येत असेल तर त्याचे वेगळे पैसे मागावेत. सोबत आपण केलेल्या केकचे फोटो द्यावेत, प्रत्येकाखाली वजन आणि लागलेला वेळ लिहावा. दुसऱ्याच्या केकचा फोटो ट्रायलच्या दिवशी उघडा पडतो.

अर्जात एकच आकडा लिहावा. '12 ते 16 हजार' असे लिहिले की समोरच्याला 12 च दिसतात. ज्याच्या खाली उतरायचे नाही ती रक्कम मनात ठरलेली असावी, पण ती कागदावर आणू नये.

पगाराइतकेच महत्त्व अटींना आहे आणि उमेदवार इथेच फसतात. नाताळ, 31 डिसेंबर आणि लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत थांबावे लागते. जादा तासांना दुप्पट दर ही कायद्याची तरतूद आहे, मेहेरबानी नव्हे. उन्हाळ्यात गारव्यासाठी पहाटे आणि रात्री काम करून घेतात आणि दुपार रिकामी ठेवतात, तेव्हा दिवस नक्की किती तासांचा, हे विचारावे. मूल गावाहून किंवा बल्लारपूरहून रोज चंद्रपूरला येणाऱ्या मुलीने शेवटच्या गाडीनंतर थांबावे लागले तर घरी सोडण्याची सोय कोणाची, हे ठरवून घ्यावे. वीज गेली आणि क्रीम बसले, किंवा खड्ड्यांच्या रस्त्याने आलापल्लीकडे निघालेला केक वाटेत कलंडला, तर पैसे कोणाचे कापणार? कारागिराच्या हलगर्जीने झालेले नुकसानच कापता येते, वीज आणि रस्ता त्याच्या हातात नसतात. राहणे-खाणे मिळणार असेल तर त्याची किंमत रुपयांत सांगायला लावावी, नाहीतर एका खाटेच्या जागेपोटी निम्मा पगार गेलेला असतो. नगावर दर असेल तर मंदीच्या महिन्यातही कमाई किमान वेतनाखाली जाणार नाही, एवढे वदवून घ्यावे.

ठरलेला आकडा, कामाचे तास, सुट्टीचा दिवस आणि पगाराची तारीख नेमणूक पत्रावर यायला हवी. पत्र मिळाले नाही तर निदान मोबाइलवर लेखी होकार घ्यावा. वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो आणि नोकरी सोडल्यास दोन कामाच्या दिवसांत हिशेब पुरा करावा लागतो. थकलेल्या पगाराचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते.