पारा सदतिसावर, पण घाम वाळेना!

चैत्र-वैशाखात आठवड्याचा हवामान अंदाज वाचताना आपण फक्त तापमानाचा आकडा पाहतो. ३७ अंश दिसले की "विदर्भात तर ४२ आहे" असे म्हणून निर्धास्त होतो. करंजाडे-पनवेल परिसरात हा हिशेब घातक आहे. घाम वाळला तरच शरीर थंड होते. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणून हवामान खातेही उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागात ४०, तर किनारपट्टीवर ३७ अंशांची मर्यादा धरते. शिवाय तापमान सरासरीहून किमान साडेचार अंश अधिक असावे लागते.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील सोहळ्यात उष्माघाताने १४ जण दगावले. तेव्हा पारा ३८ च्या आसपास होता, हे विसरू नये.

करंजाडे परिसरात इमारतींच्या कामांवर मजूर भर दुपारी स्लॅबवर राबतात. आमचे स्पष्ट मत असे की, उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावरील काम बंदच ठेवावे आणि त्यापोटी मजुरी कापू नये.

तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, कोकम सरबत घ्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातले की जलसंजीवनी तयार होते. चमचा चहाचाच घ्यावा. रुग्ण बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तोंडात काही घालू नका. सावलीत नेऊन अंग ओले करा, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.