दारूचे लाडू

वसतिगृहातल्या मैत्रिणींनो,

आईने बांधून दिलेले मोहाचे लाडू मी डब्यातून काढले, तेव्हा तुमच्यातली एक नाक मुरडत म्हणाली, “अगं, दारूचे लाडू!” खोलीभर हशा पिकला. मीही हसले, नवखी होते ना. आता नोकरीला लागले, तरी ते मनातून जात नाही.

मोहाचं फूल तोडायचं नसतं, हे तरी ठाऊक आहे का तुम्हाला? मार्च-एप्रिलात ते रात्री उमलतं, वटवाघळं त्याच्यावर झुंबड करतात आणि पहाटे ते आपसूक गळतं. पिवळसर, रसाळ. आमच्या धानोरा तालुक्यात बायका-पोरं अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. उशीर झाला की गुरं खाऊन टाकतात, लवकर गेलं की अस्वलाची गाठ. अस्वलाने फाडलेली माणसं आमच्याकडे आहेत. अंगणात वाळवलं की फूल तांबूस होतं. निम्म्याहून जास्त साखरच त्यात. घरात दाणा नसला की तेच उकडून खायचं, असला की विकून मीठ-मिरची आणायची. पुढे बियांचं तेल निघतं. लग्नाच्या मांडवात मोहाची फांदी नसेल तर आमची म्हातारी माणसं लग्न लागलं असं मानत नाहीत.

दारूही होते, नाही कोण म्हणतंय? पण त्या दारूचं कौतुक मला सांगू नका. आमच्याच जिल्ह्यातल्या बायका लढल्या, म्हणून 1993 साली गडचिरोलीत दारूबंदी आली. झाडाला मात्र त्यांनी कधी बोल लावला नाही. तो लावला इंग्रजांनी. 1892 साली कायदा करून त्यांनी ठाणे-कुलाब्याकडे फुलं घरात ठेवण्यावरच बंधन घातलं, कारण सरकारी दारूचा महसूल बुडत होता. तुमचं हसू त्याच वळणाचं होतं.

आणि आता? शेजारच्या मध्य प्रदेशात मोहाची दारू ‘हेरिटेज’ म्हणून बाटलीत भरून विकतात. परवा तुमच्यातल्याच एकीने त्या बाटलीचा फोटो टाकला, खाली बदामांचा पाऊस. मग माझ्या आईच्या लाडवांनीच तुमचं काय घोडं मारलं होतं?

तुमची,
खोलीतली चौथी