परदेशीं जाणाऱ्या मजुराचा कागद

कर्जत तालुक्यास स्थलांतर म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. पावसानें दगा दिला कीं मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें ऊसतोडीस निघतात. त्यांतील एखादा तरुण उद्यां आखाताची वाट धरील, तर त्यास जाऊं नको असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवून जाणें किती महाग पडतें, हें आपल्या देशानें पूर्वीं भोगलें आहे.

१८३४ पासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांत करारानें बांधलेले हिंदी मजूर जाऊं लागले. पुढें त्यांत कोंकणांतील मराठी माणसेंही गेलीं. फिजीस गेलेल्यांच्या तोंडीं ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचें ‘गिरमिट’ झालें. शब्द पाठ झाला. अर्थ मात्र मळ्यावर पोंचल्यानंतर कळला. काम सोडणें हा तेथें गुन्हा असे व त्यास तुरुंगाची शिक्षा असे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९१० सालीं कायदेमंडळांत नाताळकडील भरती बंद करण्याचा ठराव मांडला. सी. एफ. अँड्र्यूज यांनीं १९१५ सालीं स्वतः फिजीस जाऊन मजुरांची दैना पाहिली. १९१७ सालीं भरती थांबली.

पुढें १९८३ सालीं परदेशीं जाणाऱ्या मजुरांसाठीं कायदा झाला. त्यान्वयें नोंदलेल्या एजंटासच भरती करतां येते, आणि दहावी उत्तीर्ण नसलेला मजूर आखातास निघाला तर त्याचा करार सरकारी अधिकारी तपासतो. दहावी झालेल्यास सामान्यतः ही तपासणी नाहीं. तो जाणता समजला जातो! येथेंच आमचा मतभेद आहे. आम्ही मुलांकडून निबंध लिहवून घेतों, पण करारनामा वाचावयास कोणत्या इयत्तेंत शिकवितों? हा दोष प्रथम आम्हां शिक्षकांच्याच पदरीं येतो. प्रमाणपत्र हातीं पडलें म्हणून संरक्षण काढून घेणें हा उलटा न्याय होय. तपासणी सर्वांचीच व्हावी, आणि करार मजुराच्या स्वतःच्या भाषेंत, घर सोडण्यापूर्वीं, त्याच्या हातीं यावा.

तोंवर पालकांनीं सावध असावें. एजंटाचें नांव सरकारी यादींत पाहावें, दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागावी. पर्यटनाच्या व्हिसावर नोकरीस पाठवितों म्हणणाऱ्यास उंबऱ्यावरूनच परत लावावें. कराराची, पासपोर्टाची व व्हिसाची एकेक प्रत घरीं आईच्या पेटींत ठेवावी. तिकडे मालकानें पासपोर्ट दाबून ठेविला किंवा पगार अडविला, तर आपल्या वकिलातीस लिहितांना तीच प्रत कामीं येईल.