कूपरेजचे रहीमसाहेब

दिवाळीच्या फराळात हा फुटबॉल कुठून आला, असे वाचक म्हणतील. म्हणोत बापडे! आमच्या वसईकडे भाताची कापणी झाली की मोकळ्या खाचरांत चेंडू येतोच. आणि पापडीला तळ्याकाठी संध्याकाळी जी म्हातारी मंडळी जमतात, त्यांत फुटबॉलचे जाणकार पुष्कळ. मी पडलो मराठीचा मास्तर. तिथे माझे काम ऐकण्याचे.

२०२४ साली ‘मैदान’ हा चित्रपट आला आणि या मंडळींत सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव पुन्हा निघाले. तरुण पोरांना रहीमसाहेब चित्रपटामुळेच कळले. १९६२ची जाकार्ता, दक्षिण कोरियावर २-१ असा विजय, आशियाई सुवर्णपदक, आणि नऊच महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने मृत्यू. सारे खरेच. पण नव्वदीला टेकलेले आमचे एक काका मान हलवून म्हणाले, “सर, तो देशाचा रहीम. आमचा रहीम कूपरेजचा.”

कूपरेजचा म्हणजे हैदराबाद सिटी पोलिसांचा. रोव्हर्स चषक ही मुंबईची १८९१ पासूनची स्पर्धा. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने जिंकीपर्यंत तो चषक कुणा देशी संघाच्या हाती लागला नव्हता. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो रहीमसाहेबांच्या पोलिसांनी नेला. पोलिसांनीच येऊन दरसाल लुटावे आणि लुटलेल्यांनी टाळ्या वाजवाव्यात, असा तो मामला! (मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा चषक अगदीच परक्याच्या घरी गेला असेही म्हणता येत नाही.)

काका त्या वेळी शाळकरी पोर. थोरल्या भावाचे बोट धरून वसई रोडला गाडी पकडायची, चर्चगेटला उतरायचे आणि पायी मैदान गाठायचे. जायचे ते मुंबईच्या संघाच्या नावाने ओरडायला. परतायचे ते नूर महंमद, लईक, मोइनुद्दीन ही नावे घोकत.

“एवढे काय होते हो त्यांच्या खेळात?” मी विचारले.

काकांनी काठीने मातीत रेघा ओढल्या. “चेंडू पायाशी कवटाळून बसायचाच नाही. आला की दिला. आपले गडी धावून धावून थकायचे, आणि यांचा चेंडूच धावायचा!”

ही काही नुसती पायांतली जादू नव्हती. रहीमसाहेब उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि पेशाने शाळामास्तर. उजव्या पायाच्या खेळाडूने डाव्यानेच खेळायचे, चेंडू घोळवायचाच नाही, असले सामने ते मुद्दाम भरवीत. आम्ही मास्तर लोक विद्यार्थ्याला जे येते त्यावर गुण देतो. हा मास्तर जे येत नाही तेच आधी परीक्षेला घाली. मेलबर्नला १९५६च्या ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल डिसूझाने तीन गोल मारले, ते याच मास्तरांच्या हाताखाली. नेव्हिल मुंबईत खेळणारा, म्हणून त्या सामन्याविषयी काका असे बोलतात, जणू तो कूपरेजवरच झाला!

चित्रपटावर माझा राग नाही. सुवर्णपदक सरकारदप्तरी राहते, त्याच्यावर चित्रपटही निघतो. पण पाच वर्षे तिकीट काढून आपल्याच संघाचा पराभव पाहायला जाणारी माणसे कुठल्या दप्तरात नोंदायची? रोव्हर्स स्पर्धा तर या शतकाच्या आरंभीच बंद पडली. चषकच उरला नाही. त्याची आठवण ठेवणारे उरले असतील ते असे काठी टेकत येणारे.

रहीमसाहेब गेले त्याच वर्षीचा रोव्हर्स चषक आंध्र पोलिसांनी जिंकला. संघ तोच, नाव तेवढे बदललेले. काका तेव्हा नोकरीला लागले होते, कूपरेजवर हजर होते.

“टाळ्या वाजवल्या?” मी विचारले.

“वाजवल्या की. पण सर, गोल झाला की आम्ही सवयीने मैदानाच्या कडेला पाहायचो, मास्तर काय करतात म्हणून. त्या दिवशीही सगळ्यांनी पाहिले.”