लकव्याच्या पेशंटची शुगर: मोजायची लगेच, पाडायची बेताने

सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला, कर्नाटकाने हरकत घेतली, आणि आपल्याकडे चर्चा रंगली ती कार्ड कुठे चालणार याची. ती व्हायलाच हवी. पण लकव्याच्या बाबतीत एक गोष्ट कार्ड काउंटरवर ठेवण्याआधी सुरू होते आणि डिस्चार्जनंतरही संपत नाही. ती म्हणजे रक्तातली साखर.

हा विषय आपल्या दाराशीच आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण निघाले, आणि प्रमाणात सगळ्यांत वर होता गोवा: २६.४ टक्के. प्रौढांत चारांमागे एक!

लकवा मारलेल्या माणसाची शुगर चढलेली असते, ती दोन कारणांनी. एक तर मधुमेह आधीचाच, कधी घरच्यांना पत्ताही नसलेला. नाहीतर मेंदूला बसलेल्या धक्क्याने शरीरच साखर चढवतं. मधुमेह नसलेल्यालाही हे होतं. शुगर जास्त असलेले पेशंट सावरतात कमी, हे डॉक्टरांना बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे.

मग इन्सुलिन लावून ती झटपट नॉर्मलला आणली तर? घरचेही हेच विचारतात. अमेरिकेत ‘शाइन’ या चाचणीत १,१५१ पेशंटवर हे करून पाहिलं. एका गटाची साखर ८० ते १३० मध्ये धरली, दुसऱ्याची १८० च्या आत. ९० दिवसांनी चांगले सावरलेले पहिल्या गटात २०.५ टक्के, दुसऱ्यात २१.६. म्हणजे फरक नाहीच. उलट कडक गटातल्या २.६ टक्के पेशंटची साखर ४० च्या खाली कोसळली, दुसऱ्या गटात एकाचीही नाही. फायदा दिसेना म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली. २०१९ मध्ये हे छापून आलं. सुरुवातीच्या दिवसांत साधारण १४० ते १८० च्या दरम्यान ठेवावी, असं अमेरिकेतली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

म्हणून शुगरकडे बघूच नये असं नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटपैकी काहींमध्ये नर्सनी पहिले तीन दिवस ताप, साखर आणि गिळता येतंय का, या तीन गोष्टींवर ठरलेल्या पद्धतीने लक्ष ठेवलं. तीन महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व ४२ टक्क्यांत, नेहमीच्या पद्धतीत ५८ टक्क्यांत. श्रेय एकट्या साखरेचं नाही, तिन्हींचं मिळून आहे. पण यात महागडं औषध नव्हतं, मशीन नव्हतं. होती ती शिस्त.

आता आपल्याकडे या. चंदगडचा पेशंट बेळगावला येतो, दोडामार्गचा बांबोळीला जातो. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी साखर बघावीच लागते, कारण साखर फार उतरली तरी तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं असं सगळं लकव्यासारखंच दिसतं. बोटातला एक थेंब, अर्धा मिनिट. हे काम वाटेतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा १०८ मध्येच व्हावं, ही मागणी तिन्ही सरकारांकडे करता येते आणि तिला सीमावादाची आडकाठी नाही. घरच्यांनी मात्र ‘चक्कर आली असेल’ म्हणून तोंडात साखरपाणी ओतू नये. गिळता येत नसेल तर ते थेट फुप्फुसात उतरतं.

खरा घोळ नंतर होतो. इन्सुलिनचा डोस बसवलेला असतो हॉस्पिटलातल्या नळीच्या आहारावर. घरी पेशंट अर्धी भाकरीही नीट खात नाही, डोस तसाच चालू, आणि पहाटे शुगर खाली. दाखवायचं तर ते हॉस्पिटल दुसऱ्या राज्यात, भाडं वेगळं, दिवस मोडतो तो वेगळाच. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच डॉक्टरांकडून चार गोष्टी कागदावर घ्या: एचबीएवनसी किती आला, घरी शुगर कितीच्या मध्ये ठेवायची, कितीच्या खाली गेली तर लगेच फोन करायचा, आणि पेशंट जेवला नाही तर इन्सुलिनचं काय करायचं. गावातल्या डॉक्टरला पुढे हाच कागद लागणार आहे.