सोपाऱ्याची बैठक आणि कच्ची वही

लेखन-कार्यशाळेहून परतलेला मुलगा अद्भुतकथेचा खर्डा घेऊन बसला की घरात प्रश्न उठतो, ‘व्यापाऱ्याच्या घरी हे कशाला?’ उत्तर आपल्या नालासोपाऱ्याशीच निगडित आहे. उद्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पूर्ण केली. त्यांनी सिद्धान्ताचे अध्ययन वीरभद्रांकडे व तर्कशास्त्राचे हरिभद्रसूरींकडे केले. तीच त्यांची कार्यशाळा. परंतु कथेला रंग चढतो तो प्राचीन सोपाऱ्यातील व्यापाऱ्यांच्या बैठकीत. कोणी घोडे देऊन हत्ती आणले, कोणी रत्नद्वीपी कडुलिंबाची पाने नेऊन रत्ने आणली! लोभदेवही तिकडे जातो आणि परतीच्या वाटेवर, नफ्यात वाटा द्यावा लागू नये म्हणून, भागीदार भद्रश्रेष्ठींना समुद्रात ढकलतो. कथा अद्भुत, पण तिच्यातील लोभ पेढीवर रोज भेटणारा.

कार्यशाळा रीत शिकवते. माल घरचाच लागतो. रोजकीर्द लिहिल्यावाचून खतावणी होत नाही, तसेच खर्ड्याचे आहे. म्हणून मुलाला रोज एक निवांत तास द्यावा आणि दुकान बंद झाल्यावर आपल्या व्यापारातील खऱ्या गोष्टी सांगाव्यात, नफ्याच्या तशाच मोहाच्याही.