तपासणीची तारीख आणि मधले दिवस



गेला दीड महिना आमच्या घरात एकच विषय आहे. आमचे हे पांडेसऱ्याला लूमवर कामाला आहेत. एका शिफ्टला त्यांच्या लक्षात आलं, की तुटलेल्या धाग्याला गाठ मारताना उजव्या हाताची बोटं धागा नीट धरतच नाहीत. मग पायांना मुंग्या येऊ लागल्या. भेस्तानच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली आणि न्यूरॉलॉजिस्टच्या नावे चिठ्ठी दिली. तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. साखर ठीक निघाली. बी-१२ कमी आहे, त्याच्या गोळ्या सुरू आहेत. पण कारण तेवढंच असेल का, हे ती तपासणीच सांगेल.

हे मधले दिवस फार वाईट असतात. दिवसा काम असतं, पण रात्री दोन वाजता मोबाइल हातात येतो आणि एकेका आजाराचं नाव समोर येत राहतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची साथ आली होती, दोनशेहून अधिक संशयित रुग्ण सापडले होते. त्या आजाराची सुरुवातही पुष्कळदा मुंग्यांनी आणि पायांतली ताकद जाण्याने होते. पुण्याच्या दिरांनी तेव्हाचे सगळे मेसेज आम्हाला पुन्हा पाठवले. प्रेमानेच पाठवले. त्या रात्री आम्ही दोघांनी एकमेकांना न सांगता अंथरुणात पाय हलवून पाहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं, की जीबीएस काही दिवसांत वाढतो, फार तर चार आठवड्यांत. दीड महिना एकाच ठिकाणी रेंगाळलेल्या मुंग्या बहुधा त्याच्या नसतात. मात्र अशक्तपणा झपाट्याने वर चढू लागला, श्वास घ्यायला त्रास झाला, किंवा अचानक तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तारखेची वाट बघायची नाही, तडक १०८ ला फोन करायचा. हे एवढं आम्ही कागदावर लिहून फ्रिजवर लावलं आहे. बाकीचं मोबाइलवर शोधणं बंद. रात्री नऊनंतर दोन्ही फोन स्वयंपाकघरात.

आता खरं सांगायचं ते. या दिवसांत आम्हाला सर्वांत जास्त वेळा ऐकायला मिळालेलं वाक्य म्हणजे, “विश्वास ठेवा, काळजी कशाला करता?” हेच वाक्य आम्ही स्वतः किती आजाऱ्यांच्या उशाशी बोललो आहोत! आज ते आमच्याकडे आलं, तेव्हा कळलं की ते ऐकणाऱ्याला एकाऐवजी दोन ओझी देतं: आजाराची भीती, आणि भीती वाटते म्हणून आपला विश्वास कमी आहे ही लाज. आम्हाला हे चुकीचं वाटतं. गेथशेमाने बागेत प्रभू स्वतः व्याकूळ झाला होता. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो तीच प्रार्थना तीनदा करतो. आपल्याकडे कोणी तेच तेच बोलू लागलं, की आपण विषय बदलतो. प्रभूने शिष्यांना उपदेश करायला सांगितलं नव्हतं, फक्त जागं राहायला सांगितलं होतं. आणि ते झोपले.

दुसरा सल्ला याहून धोक्याचा. एका बाईंनी ह्यांना गोळ्या बंद करून नुसती प्रार्थना करायला सांगितलं. राजे या दुसऱ्या पुस्तकाचा विसावा अध्याय त्यांनी वाचावा. हिज्कीया राजा रडून प्रार्थना करतो, देव त्याची प्रार्थना ऐकतो, आणि तरीही यशया संदेष्टा गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. प्रार्थना आणि औषध एकाच अध्यायात आहेत, ती वेगळी काढणारे आपण कोण?

उपयोगी पडल्या त्या आमच्या गल्लीतल्या ताई. एका संध्याकाळी सुरती पापडीची पिशवी घेऊन आल्या, सोलत बसल्या. आजाराबद्दल अवाक्षर नाही. उठताना एवढंच विचारलं, “तारखेला तुमच्याबरोबर कोण येतंय?” तोवर हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

त्यांच्याच सांगण्यावरून एक वही केली आहे. मुंग्या कधी आल्या, कुठल्या हाताला, तेव्हा काय करत होते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, सगळं ह्यांच्या अक्षरात. अक्षर थोडं वाकडं येतं, तेही डॉक्टरांना दिसेल. रात्री वही मिटली की आम्ही तेरावं स्तोत्र वाचतो. दाविदाने त्यात ‘कुठवर’ असा प्रश्न देवाला चार वेळा केला आहे, आणि देव त्याच्यावर रागावलेला दिसत नाही.

शनिवारी तारीख आहे. ताई येणार आहेत. उशीर झाला तर रविवारी पहिल्या कम्युनियनच्या मुलांचा वर्ग कोणीतरी घ्यावा, एवढी विनंती. मुलांना गेथशेमानेचाच धडा आहे.